मशीन भंगारात देऊ नकोस

नागपूर,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय गड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कूलर माळ्यावर चढवत होतो. एक पाय शिडीवर, फोन खांद्यात दाबलेला, आणि तू सांगतोस की आपल्या लाकूडकामाच्या मशीनची कंपनी बुडाली, आता सुटे भाग मिळायचे नाहीत, भंगारवाला किलोला पस्तीस रुपये म्हणतोय, देऊन टाकतो. मी तोंड उघडायच्या आत 'चल, ठेवतो' म्हणून ठेवूनही दिलास. फोनवर मला भांडता येत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. पूर्ण वाचून होईपर्यंत त्या माणसाला दारात उभं करू नकोस.

2009 च्या दिवाळीआधी आपण त्या मशिनी घेतल्या. दोन घेतल्या तर वाहतूक फुकट, एवढ्यासाठी तू मला भरीस पाडलंस. बारा इंची रंधा, बाजूला गोल करवत, दोन्ही एकाच मोटरवर. तुझी ठाण्याला गेली, माझी इथे मागच्या पडवीत. तिच्यावर माझ्या घराचे दरवाजे झाले, पोरीचं अभ्यासाचं टेबल झालं, आणि दर पोळ्याला गल्लीतल्या पोरांचे लाकडी नंदी. तुमच्या ठाण्यात पोरांचा तान्हा पोळा नाही, त्यामुळे नंदी वेळेत न मिळालेलं नागपूरचं पोरगं कसं असतं ते तू विसरला असशील.

यंदा अकरा नंदी कबूल करून बसलो होतो. सागवान लकडगंजातून आणलं. (भाव विचारू नकोस. संसदेच्या नव्या इमारतीला नागपूरचं सागवान गेलं, 2023 मध्ये अयोध्येच्या दरवाजांसाठी बल्लारपूरचं गेलं, तेव्हापासून दुकानदार प्रत्येक फळी तिथूनच उरलेली असल्याच्या थाटात विकतो.) पोळ्याला पंधरा दिवस असताना करवतीचं गाइड, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पट्टी, आवळायला गेलो आणि ज्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बैठकीवर ते सरकतं तिचा कान तुटून हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही. तुटल्या जागी बीड कसं दिसतं पाहिलंयस? करडं, दाणेदार, जुन्या मिठाच्या खड्यासारखं. मी बराच वेळ तो तुकडा परत जागेवर ठेवून पाहत होतो. बसत होता अगदी बरोबर, पण बसून काय उपयोग.

कंपनीला फोन लावला, नंबर अस्तित्वात नाही. डीलर म्हणाला, होळीपासून कुलूप आहे. म्हणजे संक्रांतीला मी सुट्या गाइडसाठी आणि पात्यांसाठी साडेसहा हजार भरले तेव्हा आत सामान बांधणं चालू असणार. भाच्याला विचारलं, तो वकील. तो म्हणाला, मामा, प्रकरण 2016 च्या दिवाळखोरी कायद्याखाली गेलं तर दावा दाखल कर, पण रांगेत तारण असलेली बँक आणि कामगारांचे चोवीस महिन्यांचे थकलेले पगार आधी, तू बराच मागे. फॉर्म भरून ठेवलाय. खरं सांगू, कामगारांच्या मागे उभं राहायला माझी काही हरकत नाही. ज्या साहेबानं बंद व्हायच्या तोंडावर माझे पैसे खात्यात घेतले त्याचा मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या म्हणून पुतळा काढायला हवा होता. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणताना यंदा मी त्याचंच नाव मनात घेतलं.

तर पहिले तीन दिवस मीही तुझ्यासारखाच. कबाड्याचा नंबर काढून ठेवला होता. मग आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक काका आले, एम्प्रेस मिलमधले जुने फिटर. मिल बंद झाली, तिथे मॉल उभा राहिला, यांच्या शर्टाच्या खिशातलं कॅलिपर मात्र अजून जागेवर. मी तक्रारींचा पाढा वाचत होतो : हे नाही मिळणार, ते नाही मिळणार, कटरच्या (रंध्याची पाती धरून फिरणाऱ्या गोळ्याच्या) बेअरिंगनं आवाज धरलाय, ते पण गेलं. त्यांनी टोपण काढलं, चिंधीनं बेअरिंगच्या कडेचं ग्रीस पुसलं आणि मला वाकायला लावलं. कोरलं होतं 6205.

"काहून तोंड पाडून बसले भाऊ? हे तं 6205 होय. इतवारीत कोन्याबी दुकानात भेटते."

आतून 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15. जगात कुठेही, कोणत्याही कंपनीचं 6205 घे, मापं हीच. आपल्या कंपनीच्या यादीत त्यालाच आठ आकडी पार्ट नंबर होता आणि त्या आठ आकड्यांचेच डीलर आपल्याकडून चौपट पैसे घेत होता. दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं घे, भुसा आत जात नाही.

त्या रात्री मी वही घेऊन मशीनसमोर बसलो आणि एकेक भाग लिहून काढला : हा कंपनीचा की बाजाराचा? पट्टा बाजाराचा. ए सेक्शनचा, 13 मिलिमीटर रुंद, पिठाच्या गिरणीवाल्याला विचार, त्याच्याकडे लोंबत असेल. कपॅसिटर, स्विच, मोटर, सगळं बाजारचं. पाती कंपनीची असं आपण समजत होतो, पण ती तर हायस्पीड स्टीलची पट्टी. धार लावणारे तुझ्या लांबीची कापून देतात. फक्त तिन्ही पाती काट्यावर घालून सारख्या वजनाची करून घे. एक जरी जड राहिलं तर कटर थरथरतो आणि मग नव्या बेअरिंगचेही बारा वाजतात.

मोटरच्या बाबतीत एक सांगतो, कारण तू घाई करणारा आहेस. जळालीच कधी तर दुकानात जाऊन नुसतं 'दोन एचपी द्या' म्हणू नकोस. आपली मोटर 2880 फेऱ्यांची, तिच्यावर पाच इंची पुली, कटरवर तीन इंची, म्हणजे कटर फिरतो मिनिटाला 4800. दुकानदार गळ्यात मारेल 1440 ची. एचपी तोच, फिरणं निम्मं. फळीवर लाटा उठतील आणि तू पात्यांना शिव्या देत बसशील.

वहीत शेवटी कंपनीचे म्हणून उरले किती? चार भाग. कटरचा गोळा, रंध्याची दोन टेबलं आणि गाइडची ती बैठक. गोळा आणि टेबलं तुझ्यामाझ्यानंतरही राहतील. म्हणजे आपलं सगळं रडगाणं एका बैठकीसाठी, आणि माझी तुटली नेमकी तीच. नशीब म्हणतात ते हेच असावं.

हो, बोल्ट राहिले. त्यात माझे दोन दिवस गेले. अर्ध्या इंचाचा बोल्ट आणला, दोन फेरे गेला आणि अडकला. मला वाटलं आटे खराब झालेत, तेल घातलं, पाना लावला, जोर केला. काकांनी हातातून पाना काढून घेतला. आपल्या कंपनीनं मशीन कुठल्याशा जुन्या इंग्लिश मशीनवरून उचललेली, त्यामुळे आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे : अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात 12 आटे. मी आणला होता अमेरिकन मापाचा, त्यात 13. दोन फेरे फसवतो, तिसऱ्याला कळतं. आणखी जोर केला असता तर टेबलाचे आटे कायमचे गेले असते. तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टला तर दोन्ही मापांत 16 च, फक्त आट्याचा कोन निराळा, 55 अंश आणि 60 अंश. तो जाईल पूर्ण, पण धरणार नाही. जुना बोल्ट खिशात घेऊनच दुकानात जायचं, बस.

आता बैठकीची गोष्ट. आधी नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो म्हणाला पाच मिनिटांचं काम. साध्या रॉडनं शिवली, छान दिसत होती. गाडीला अडकवली, घराच्या फाटकापाशी पोचलो आणि पिशवीतून 'टक्' असा आवाज आला. वेल्ड शाबूत, त्याच्या शेजारून नवी चीर. बिडात कार्बन भरपूर. वेल्डशेजारची जागा भराभर थंड झाली की काचेसारखी कडक होते आणि आकसताना फाटते. निकेलचा रॉड हवा, आधी सगळा तुकडा तापवायला हवा, नंतर राखेत पुरून रात्रभर निवू द्यायला हवा. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा वेल्डिंगवाल्याचे दीडशे देऊन झाले होते.

मग ते म्हणाले, नवी ओतून घ्या. आणि इथे मला पहिल्यांदा मजा वाटायला लागली. कारण फाउंड्रीला आधी काय लागतं? लाकडाचा नमुना! लोखंडाच्या कामात अडलेलं घोडं शेवटी आपल्याच दारात. चार दिवस हातकरवत आणि वडिलांचा जुना रंधा घेऊन बसलो. बीड निवताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून 180 मिलिमीटरच्या जागी जवळजवळ 182 धरायचे. ज्या बाजू नंतर मशीनवर साफ करायच्या तिथे तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे. उभ्या बाजूंना थोडा उतार, म्हणजे नमुना वाळूतून उचलताना कडा ढासळत नाहीत. आणि आतले कोपरे धारदार ठेवायचे नाहीत, मेण भरून अंगठ्यानं गोल करायचे, कारण ओतीव काम धारदार कोपऱ्यातूनच फाटतं.

हे करताना तुटलेला तुकडा समोर ठेवला होता. चीर कुठून गेली होती सांगू? बरोब्बर अशाच एका धारदार कोपऱ्यातून. कंपनीनं तिथे गोलाईच दिली नव्हती! म्हणजे आज ना उद्या तुझीही तुटणार, दर वेळी आवळताना चीर केसभर पुढे सरकत असेल. मी तिथे चांगली गोलाई दिली आहे आणि कानाची जाडी चार मिलिमीटरनं वाढवली आहे.

मधेमधे मनात येतं, कोणीतरी कंपनी विकत घेईल, परत सुरू होईल. झालंय असं. अमेरिकेत शॉपस्मिथ म्हणून एकात पाच कामं करणारी मशीन होती, तिचं उत्पादन मधे काही वर्षं बंद पडलं आणि 1972 मध्ये ओहायोत परत चालू झालं. पण तिथे त्या मशिनी घरोघर पडलेल्या होत्या. आपल्याच्या किती असतील? या भरवशावर मी साडेसहा हजार सोड, साडेसहा रुपयेही लावणार नाही.

एका गोष्टीत तुझं ऐकतो. त्याच कंपनीचं बॅटरीचं ड्रिल आपण नंतर घेतलं होतं, ते दे खुशाल. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये सेल साधेच असतात, नवे जोडून देणारेही भेटतात, पण आतली छोटी सर्किटची पाटी आणि चार्जर एकमेकांशिवाय कोणाला ओळखत नाहीत. मी एकदा सेल बदलून आणले, तीन आठवडे चाललं. तिथे खरोखर कंपनी गेली की हत्यार गेलं.

नंदी? सात झाले, सगळे हातानं. बाकी चार घरांत तोंड लपवून फिरतोय. एक पोरगी मागच्या वर्षीचाच नंदी पुन्हा रंगवून घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "आजोबा, पुढच्या पोळ्याचं आत्ताच सांगून ठेवते." चाकं लावायची राहिली होती ती पण माझ्याकडून लावून घेतली.

आता माझं काम ऐक. नमुना तयार आहे, पण बैठकीच्या दोन भोकांमधलं अंतर मला तुटक्या तुकड्यांवरून जुळवावं लागलंय. माझ्या हिशेबानं 114 मिलिमीटर येतं, पण चिरेत किती गेलं कोणास ठाऊक. मशीनबरोबर आलेलं पुस्तक बघावं तर माझं वाळवीनं खाल्लं. त्या मापाची धड बैठक मला माहीत असलेली एकच आहे, ती तुझ्या गॅलरीत. व्हर्नियर घे, भोकांच्या मधोमध ते मधोमध माप, तीनदा माप. पुस्तकाचं सुट्या भागांच्या चित्राचं पान फोटो काढून पाठव, सावली न पाडता.

हिंगण्याच्या एमआयडीसीतला फाउंड्रीवाला एकटा नग घ्यायला कुरकुरतो. दोन असतील तर गुरुवारच्या भट्टीत टाकतो म्हणाला. नमुना एकच लागतो, खर्च निम्मा निम्मा. दोन सांगू की एक, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव. माप मंगळवारी आलं तर बरं, मेण परत लावायला एक दिवस हवा.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, गॅलरीतली जागा इतक्यात मोकळी होत नाही.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा