खांद्याला हिसका नको, आधी शुगर बघा

मा. संपादक,

खांदा दुखायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला मालीशचा, दुसरा कुठल्यातरी हाडवैद्याचा, जो म्हणे एका हिसक्यात हात मोकळा करतो. लेडीज डब्यात तर हे रोज ऐकते, वरच्या कडीला हात पोचत नाही, ब्लाऊजचे मागचे हुक मुलीकडून लावून घ्यावे लागतात, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि तरी बाई म्हणते पर्स जड असते ना, त्याने झालं असेल.

अहो पण ही सगळी लक्षणं बहुतेकदा फ्रोजन शोल्डरची, म्हणजे खांदा आखडल्याची, आणि त्यात हाड जागचं हललेलंच नसतं, मग बसवणार काय? सांध्याभोवतीच्या आवरणाला सूज येते, ते जाड होतं, आक्रसतं, म्हणून दुसऱ्याने उचलून दिला तरी हात वर जात नाही, आणि एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मल. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर फिरवून बघा, खरा अडतो तो तिथे.

40 ते 60 वयात हे जास्त, त्यातही बायकांना, थायरॉइडवाल्यांना आणि डायबिटीसवाल्यांना तर फारच. माझ्या नणंदेला शुगर आहे हे खांद्यामुळेच कळलं! तेव्हा तेलाच्या बाटलीआधी (तुमच्याच पेपरात जाहिराती असतात, राग नसावा) एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. सुरुवातीला जोरात दुखत असताना सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो, फक्त शुगर काही दिवस वर जाते ते डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. मग व्यायाम, वाकून हात लोंबता सोडून हलके झोके द्यायचे, बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायची, कळ येईल इतकं ओढायचं नाही. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं, पण वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

आणि खरी अडचण तीच आहे. मुंबई पालिकेच्या केईएम, सायन, नायर हॉस्पिटलांत फिजिओथेरपी स्वस्तात होते, पण सकाळची ओपीडी गाठायला नोकरीवाल्या बाईने इतके महिने हाफ डे कुठून आणायचे? प्रायव्हेटला दर सीटिंगचे पैसे मोजून दोन-चार वेळात सोडून देतात सगळ्या. पालिकेने वॉर्डातल्या दवाखान्यांत संध्याकाळी सहानंतर फिजिओथेरपिस्ट बसवावा, आठवड्यातून दोन दिवस बसवला तरी चालेल.

– एक वाचक, भांडुप