हॉलला अबोली रंग दिला आहे, रागावू नका

बांदोडे, फोंडा
११ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

आईचा गुडघा आता नव्वद अंशांपर्यंत वाकतो असं दादा म्हणाला. वहिनीने व्यायामाचा व्हिडिओ पाठवला, त्यात आई तिला तोंड वेंगाडून दाखवते आहे. तीनदा बघितला.

पण पत्र त्यासाठी नाही. फोनवर सांगायला गेले की आई मध्येच "काय गं, काय केलंस?" म्हणते आणि मी थापा मारायला लागते. म्हणून लिहूनच टाकते. आपल्या हॉलला नवा रंग दिला. निळा गेला, नारिंगी आला.

बाबा, चष्मा काढून टेबलावर ठेवू नका. शेवटपर्यंत वाचा.

भगवा नाही. शेंदरीही नाही. तिठ्यावर कोणी "कुठल्या पक्षात गेलात?" असं विचारणार नाही. आई, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली तुझी अबोली आहे ना, तिच्या सकाळच्या फुलाचा रंग, त्यात थोडं दूध घातल्यासारखा. चार फुलं घेऊनच मी दुकानात गेले होते. शेडकार्डावर ठेवून बघितली तेव्हा दुकानदार हसला.

विचारलं का नाही, हे मला माहीत आहे. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "आता आम्हाला कशाला?" आणि तू म्हणाली असतीस, "चवथीच्या आधी बघू." ती चवथ गेली सहा वर्षं येते आणि जाते.

शिवाय भिंत खरंच वाईट झाली होती. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी चिऱ्याची भिंत ती. चिरा पाणी पितो आणि ऊन पडलं की ते सोडतो. दादाच्या लग्नात आपण कंबरेपर्यंत जो ऑइल पेंट मारून घेतला, त्याने तिची ती वाटच बंद केली. आत कोंडलेली ओल क्षार घेऊन वर आली, लोणा लागला, आणि सोफ्यामागे पोपडे सुटले. तेव्हा सगळेच मारायचे ऑइल पेंट, बाबा, पुसायला बरा म्हणून. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. रंगाऱ्याने पत्रीने तो सगळा खरवडला, आणि मग तीन आठवडे आम्ही भिंतीला काहीही लावलं नाही. नुसत्या खिडक्या उघड्या आणि पंखा. मी रोज संध्याकाळी पणजीहून येऊन हात लावून बघायची, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

मला आधी चुन्यातच करायचं होतं. काव आणि पिवडी चुन्यात कालवली की सुंदर नारिंगी मिळतो. जुन्या देवळांत कावीची चित्रं ज्या कावेने काढली, तीच ही तांबडी माती. पण चुना अंगाला लागतो. आणि बाबा आरामखुर्चीत बसले की डोकं भिंतीला टेकवतात. रोज पाठीवर नारिंगी शिक्का घेऊन देवळात गेला असतात. म्हणून साधा पाण्यातला इमल्शन घेतला. तो ऑइल पेंटसारखा भिंतीचा दम कोंडत नाही, आणि पुसताही येतो.

त्या खुर्चीमागच्या डागाची गंमत सांगते. तुमच्या खोबरेल तेलाचा तो लांबट गोल, आजोबांच्या फोटोच्या जरा खाली. रंगाऱ्याने घासला, लांबी भरली, प्रायमर मारला, रंगाचा पहिला हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग परत वर! अबोली भिंतीवर तपकिरी गोल, जागच्या जागी. रंगारी म्हणाला, "बाय, तुझ्या बापायचें तेल भिंतीच्या पोटांत गेलां." तेल पाण्याच्या रंगातून झिरपून वर येतं म्हणे. मग तेवढ्या जागेवर तेलाचा प्रायमर मारून ते आत बंद केलं, आणि वर दोन हात. आता दिसत नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

आणि एक गोष्ट, जी मला सांगायची नव्हती. कॅलेंडरखाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलेल्या गॅस सिलिंडरच्या तारखा गेल्या. मी पोचायच्या आधीच पॉलिश पेपर फिरला होता. खिळ्यालगतच्या दोनच तारखा वाचल्या होत्या, त्यांच्याभोवती पट्टी लावून तेवढा चौकोन मी तसाच ठेवला आहे. बाकीच्यांसाठी एक वही घेतली आहे, तिथेच टांगली आहे. वही आणि भिंत सारखी नव्हे, हे मला कळतं.

आता नारिंगीच का. फणसाने खिडकी झाकली आहे, त्यामुळे आत येतो तो उजेडच हिरवट. पावसाळ्यात निळ्या भिंतीवर तो पडला की आई आजारी नसतानाही आजारी दिसायची. उबदार रंगाने ते कमी होतं. पणजीच्या फोंताईन्हासमधली गेरूच्या नि पिवळ्या रंगाची घरं पावसातसुद्धा कशी जिवंत दिसतात, तू आणि मी जत्रेहून येताना बघितली होती. पोर्तुगिजांच्या वेळी पांढरा चर्चसाठी राखून ठेवत, म्हणून लोकांनी असे रंग दिले, असं सांगतात. आपल्याला तर कोणाची मनाई नव्हती, तरी आपण वीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या निळ्यात बसलो.

पहिल्यांदा मी फसले, ते सांगते म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. कार्डावर जो रंग सोज्वळ दिसत होता, तो भिंतीवर गाजर झाला. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे तो वाढतो. मग दोन पायऱ्या फिका घेतला, दोन हात लांबीचे तुकडे रंगवले आणि सकाळी, दुपारी, दिव्यात बघितले. तोही दोनच भिंतींना दिला, उरलेल्या दोन सायीच्या रंगाच्या ठेवल्या. तांबड्या कोब्याशी भांडू नये म्हणून खाली चार बोटांची सायीचीच पट्टी. ट्यूब काढून २७०० केल्विनचे पिवळसर दिवे लावले. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात हाच रंग मातकट दिसतो.

आणि बाबा, खरं कारण हेच आहे, वरचं सगळं त्याच्या पुढे-मागे. त्या रात्री तुम्ही बटण शोधत होता. पांढऱ्या पट्टीवर पांढरी बटणं, भोवती फिकट निळी भिंत, आणि पॅसेजमधला झिरोचा दिवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तुम्हीच म्हणाला होता की एवढी वर्षं सगळं पिवळ्या काचेतून बघत होतो. वय झालं की डोळ्यांना फिक्यावरचं फिकं ओळखायला जड जातं. आता नारिंगीवर पांढरी बटणं लांबून दिसतात. पडवीच्या दोन्ही पायऱ्यांच्या कडांनाही सायीची पट्टी मारली आहे. आईच्या वॉकरसाठी सोफा हातभर पुढे ओढला आहे.

देवघराला हात लावलेला नाही. गणपतीवरच्या माटोळीची चौकट पुसून माळ्यावर ठेवली, खुंट्या मोजल्या, सगळ्या आहेत. आजीचा पाट आतल्या खोलीत. बाबांची खुर्ची त्याच जागी, त्याच कोनात. खाली टाकायला जुने गोमन्तकचे अंक घेतले, पण तुम्ही राखून ठेवलेला गठ्ठा सोडून. तो मी ओळखला. वास पूर्ण गेला आहे, बाबांच्या दम्याची चिंता आई, तू करू नकोस. तुम्ही याल तोवर पंधरा दिवस होतील.

पैशांचं विचारू नका. अर्धे माझे, अर्धे दादाचे. हो, त्याला माहीत होतं. त्याला ओरडू नका, मीच शपथ घातली होती. एफडी मोडलेली नाही.

आता ऐका. महिनाभर नव्या भिंतीला ओलं फडकं लावायचं नाही. कोळ्याचं जाळं दिसलं तरी नाही, आई, तुला सांगते आहे. खिळा ठोकायचा नाही, फोटो लावायचे असतील तर मी येऊन लावीन. समई भिंतीपासून हातभर लांब, काजळी बसते. स्टुलावर कोणीही चढायचं नाही, तोरणासाठीसुद्धा नाही. बाबांनी डोकं टेकवायचं ते टेकवावं, त्यासाठीच पुसता येणारा रंग घेतला आहे, मागे टॉवेल लावून रंग जपत बसू नका.

आणि अगदीच नाही आवडला तर शिगम्यानंतर बदलू. खरंच बदलू. पण आठवडाभर आधी बसून बघा, दुपारी चारला, फणसाच्या फांद्यांमधून ऊन सरकतं तेव्हा. काल मी तिथे तुमची वाट बघितल्यासारखी बसले होते. लहानपणी ताप आला की आई ज्या गोधडीत गुंडाळायची, तिच्या आतून दिवा असाच दिसायचा.

स्टेशनवर मी गाडी घेऊन येते, रिक्षा करू नका. मुगाचं कण आणि सोलांची कढी करून ठेवीन.

वाचून झालं की फोन करा. आधी आईने करावा.

तुमची,
बाय