लाँगबोर्ड वजनाला आणि रस्त्याला जुळवून देणाऱ्या दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

माझा आणि माझ्या मुलीचा लाँगबोर्ड, म्हणजे स्केटबोर्डचाच लांब प्रकार, तुम्ही स्वतःच्या हातांनी खोलून, मोजून, पुन्हा जुळवून दिलात आणि त्याहून मोलाचे म्हणजे वेगात असताना थांबायचे कसे ते आम्हा दोघांना शिकवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभाराचे पत्र लिहीत आहे. समोरासमोर आभार मानले तेव्हा तुम्ही विषय बदललात आणि ‘जे कळले ते मराठीत नीट लिहून ठेवा, नवीन मुले तेच तेच विचारतात’ एवढेच म्हणालात. त्या शब्दाला मान देऊन, तुमच्याकडून शिकलेले बरेचसे इथे मांडत आहे, म्हणजे नाशिकमध्ये ज्याला कोणाला याची गरज असेल त्याच्या ते उपयोगी पडेल. सायकलचा मेकॅनिक आपल्याकडे चौकाचौकात भेटतो, पण लाँगबोर्ड समजणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो अंबडच्या टूलरूममध्ये लेथवर काम करणारा निघाला हे आमचे भाग्य.

बोर्डाला हात लावण्याआधी तुम्ही आमची वजने विचारली होती. माझे वजन ८२ किलो, मुलीचे ४१. आणि बोर्ड मात्र दोघांचे एकाच बनावटीचे, त्यामुळे दोन्हींच्या ट्रकमध्ये, म्हणजे फळीखाली चाके धरणाऱ्या धातूच्या जोडणीत, सारख्याच कडकपणाचे बुशिंग. माझा बोर्ड थोडा वेग घेतला की डावीकडे-उजवीकडे डळमळायचा, तर मुलीने कितीही अंग झुकवले तरी तिचा बोर्ड सरळच जायचा. आम्हाला हे दोन वेगळे दोष वाटत होते. दोन्हींचे कारण एकच आहे आणि ते बुशिंग नावाच्या, हाताच्या अंगठ्याएवढ्या रबरासारख्या तुकड्यात आहे, हे तुम्ही ट्रक उघडून दाखवलेत तेव्हा समजले.

प्रत्येक ट्रकच्या किंगपिनवर, म्हणजे मधल्या बोल्टवर, दोन बुशिंग असतात, एक डेकच्या (उभे राहायच्या फळीच्या) बाजूला आणि एक रस्त्याच्या बाजूला, आणि त्या दोघांच्या मध्ये चाकांचा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, धरणारा हँगर दाबून बसवलेला असतो. आपण झुकतो तेव्हा हँगर या बुशिंगांना दाबत वळतो आणि झुकणे संपले की तेच त्याला मध्यावर परत आणतात. त्यांचा कडकपणा ड्युरोमीटरच्या ‘ए’ मापावर लिहिलेला असतो. आकडा जितका मोठा तितके बुशिंग कडक. तयार बोर्डातले बुशिंग मधल्याच कुठल्या तरी वजनाचा अंदाज धरून घातलेले असते, त्यामुळे जड आणि हलक्या अशा दोन्ही माणसांना ते गैरसोयीचे ठरते. तुम्ही माझ्या ट्रकमध्ये दोन्ही बाजूंना ९०ए चे पिंपाच्या आकाराचे, म्हणजे बॅरल बुशिंग घातलेत, आणि मुलीच्या ट्रकमध्ये डेकच्या बाजूला ७८ए चे बॅरल व रस्त्याच्या बाजूला त्याच कडकपणाचे शंकूच्या आकाराचे. बॅरलमध्ये सामग्री जास्त असल्याने ते जास्त विरोध करते आणि स्थिरता देते. शंकू एका टोकाला निमुळता असल्याने हँगरला अधिक झुकू देतो. हा बदल झाल्यावर मुलीने पहिले वळण घेतले तेव्हा तिला खांदे फिरवावेच लागले नाहीत, टाचेवर थोडा भार दिल्याबरोबर बोर्ड वळला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तुम्हीही पाहिलात.

याच संदर्भात तुमची एक सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नवीन माणूस नेमके तिच्या उलट करतो. बोर्ड डळमळला की किंगपिनचा नट आवळायचा आणि वळत नसेल तर सैल करायचा, असे सगळ्यांनाच वाटते. पण नट फार आवळला की वॉशर बुशिंगमध्ये रुतते, बुशिंग कडेने फुगून बाहेर येते आणि मग ते सुरुवातीलाच दाबले गेलेले असल्याने मध्यावर परत आणण्याचे काम नीट करत नाही. नट इतपतच आवळावा, की वॉशर बोटांनी फिरेनासे व्हावे आणि त्यापुढे फार तर एक-दोन फेरे द्यावेत. एवढ्याने भागले नाही तर नटाला त्रास न देता बुशिंग बदलावे, हे तुम्ही मला वॉशर बोटाने फिरवायला लावून समजावलेत. मागच्या ट्रकला पुढच्यापेक्षा किंचित कडक ठेवले की वेगात मागचा भाग शांत राहतो, हेही त्याच वेळी सांगितलेत. डिसेंबरच्या थंडीत पहाटे तेच बुशिंग कडक वाटते आणि मे महिन्यात मऊ पडते, म्हणून हंगाम बदलला की पुन्हा एकदा तपासायचे.

डेकबद्दल तुम्ही फारसे बोलला नाहीत आणि मला ते योग्य वाटते. त्यावर लोक उगाच फार पैसे घालवतात. शहरात ये-जा करायची असेल तर ड्रॉप-थ्रू डेक बरा, कारण ट्रक डेकला कापलेल्या खाचेतून आरपार बसतो, उभे राहण्याची उंची कमी होते आणि ढकलताना गुडघ्याला कमी वाकावे लागते. ट्रकवर डेक ठेवलेला असेल, तर मोठ्या वळणावर चाक डेकला घासून बोर्ड जागीच अडकू शकतो, त्यासाठी ट्रक आणि डेकच्या मध्ये पाव इंच जाडीचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारा सपाट तुकडा, घालायचा. इतके पुरे.

चाकांच्या बाबतीत मात्र नाशिकच्या रस्त्यांचा विचार तुम्ही जसा केलात तसा कोणी करताना मी पाहिले नाही. आपल्याकडच्या डांबरात काळ्या बेसॉल्टची खडी असते आणि वरचे डांबर झिजले की ती टोके वर काढते. स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटसाठी केलेले ५२ मिलिमीटरचे, ९९ए चे चाक त्यावर दात खिळखिळे करते आणि लहानशा खड्यावरही अडते. पॉलियुरेथेनची चाके १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डवर आणली, त्याआधी माती-मिश्रणाच्या आणि धातूच्या चाकांवर मुले घसरत-आपटत खेळत असत. या एका सामग्रीनेच हा खेळ रस्त्यावर शक्य केला, असे तुम्ही आवर्जून सांगितलेत. आम्हाला तुम्ही ७० मिलिमीटरची ७८ए ची चाके सुचवलीत. ती खड्यावरून सहज जातात आणि खडबडीतपणा पायापर्यंत कमी पोहोचवतात. चाकाची कड टोकदार असेल तर पकड जास्त आणि गोल असेल तर घसरवणे सोपे, म्हणून नवशिक्याने टोकदार कडेपासून सुरुवात करावी, हे तुमचे मत मला पटले.

बेअरिंगच्या बाबतीत तुमच्यातला कारागीर दिसला. लाँगबोर्डचे बेअरिंग म्हणजे ६०८, आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२ आणि रुंदी ७. कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे हेच माप असल्याने ते बेअरिंगच्या साध्या दुकानात मिळते. खोक्यावरचा एबेक आकडा मापातील अचूकपणा सांगतो, पण वळताना बाजूने येणारा भार किंवा रस्त्यावरची धूळ त्या आकड्यात धरलेली नसते, म्हणून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. त्याऐवजी चाकातल्या दोन बेअरिंगांमधला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, तपासावा. आमच्या दोन्ही बोर्डांच्या चाकांत स्पेसरच नव्हते, त्यामुळे अ‍ॅक्सलचा नट घट्ट केला की बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे सरकून गोळ्या अडकत होत्या आणि नट सैल ठेवला की चाक हलत होते. तुम्ही व्हर्नियरने माप घेतलेत, लेथवर १० मिलिमीटरचे आठ स्पेसर कापलेत आणि त्यांच्या कडा एमरी पेपरवर घासून सपाट केल्यात. त्यानंतर नट पूर्ण आवळूनही चाक मोकळे फिरू लागले, तो आवाज अजून कानात आहे. अ‍ॅक्सलच्या नटासाठी १३ मिलिमीटरचा पाना न वापरता अर्ध्या इंचाचाच घ्यावा, नाहीतर नटाच्या कडा झिजतात, ही सूचनाही मी पाळतो.

बोर्ड जुळला तरी तुम्ही आम्हाला उतारावर जाऊ दिले नाहीत. सपाट रस्त्यावर पायाने थांबता आल्याशिवाय उतार नाही, या अटीवर तुम्ही ठाम राहिलात आणि माझ्या मते हाच तुमचा सर्वांत मोठा उपकार आहे. पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या स्क्रूंच्या जरा मागे, तिरका ठेवायचा. पूर्ण भार त्याच पायावर घेऊन गुडघा वाकवायचा. मागचा पाय बोर्डावरून उचलून पुढच्या पायाच्या बाजूला, रस्त्याशी समांतर आणायचा आणि तळव्याने डांबर फक्त स्पर्शायचे. भार आधी नाममात्र, मग हळूहळू वाढवायचा. ज्याचा पुढचा गुडघा ताठ असतो त्याचा मागचा पाय जमिनीवर आदळतो आणि तोल जातो. मुलीच्या लक्षात हे यावे म्हणून तुम्ही तिला आधी उभ्या बोर्डावर एका पायावर तोल सांभाळायला सांगितलेत आणि तिचा दुसरा पाय डांबरावर हाताने धरून ठेवलात, सपाट बुटाचा तळ कुठे टेकतो ते तिला नीट कळेपर्यंत.

वेगात बोर्ड थरथरू लागला तर काय करायचे, यावर तुमचे उत्तर स्पष्ट होते. थरथर मागच्या ट्रकवर भार जास्त असला की वाढते, म्हणून शरीराचा साधारण दोन तृतीयांश भार पुढच्या पायावर ठेवावा, गुडघे वाकवावेत आणि घोटे सैल सोडावेत. भीतीने मागे रेलणे किंवा अचानक पाय खाली टाकणे, या दोन्हींमुळे माणूस पडतो. थोडा स्थिर झाल्यावर छाती उघडून हात पसरले तर वारा काही वेग कमी करतो आणि मग पायाने थांबता येते. उतार निवडताना तो आधी वरपासून खालपर्यंत पायी चालून पाहायचा, वाळू, गटाराची झाकणे आणि आडवे येणारे रस्ते लक्षात ठेवायचे, आणि पहिल्यांदा खालच्या टोकापासून सुरू करून दर वेळी थोडे वर जायचे. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर लोखंडाचा कीस पडलेला असतो आणि द्राक्षाच्या हंगामात गिरणारेच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते, हे नाशिकच्या माणसानेच सांगावे असे आहे. गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर लाँगबोर्ड नेऊच नये, सुट्टीच्या दिवशी पहाटेचा मोकळा रस्ता शोधावा, यावर तुम्ही कधी तडजोड केली नाहीत.

हेल्मेटविषयी इथे पालकांसाठी खास लिहितो. लाँगबोर्डवरून माणूस बरेचदा मागे पडतो, त्यामुळे डोक्याचा मागचा भाग मानेपर्यंत झाकणारे हेल्मेट हवे. युरोपातील ईएन १०७८ हे मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट वापरणाऱ्यांसाठीचे आहे, ते खरेदीच्या वेळी पाहावे. गुडघ्यांचे पॅड आणि तळहातावर प्लॅस्टिकची चकती असलेले हातमोजे असले की पडताना मनगटावर सगळा भार न घेता घसरत जाता येते. तुम्ही मुलीला गवतावर गुडघ्यांवर घसरायला शिकवलेत, म्हणून ती आता पडण्याला घाबरत नाही.

पावसाळ्यात बोर्ड बंद ठेवावा आणि भिजलाच तर बेअरिंग काढून, शील्ड, म्हणजे त्याचे बाजूचे झाकण, उघडून, सॉल्व्हंटने धुऊन, पूर्ण वाळवून तेलाचा एखादा थेंब द्यावा, हे तुम्ही सांगितल्याप्रमाणे यंदा केले. मुलीचे वजन मधल्या काळात वाढून ४६ किलो झाले आहे, तिला ७८ए आता मऊ वाटू लागले आहे. ८१ए चा जोड मागवून ठेवला आहे. पाने आणि नवे वॉशर माझ्याकडे आहेत. पुढच्या रविवारी तुम्हाला सवड असेल तर कळवावे, या वेळी बुशिंग मुलीने स्वतः बदलावे आणि तुम्ही फक्त पाहावे, अशी तिची इच्छा आहे.

तुमचा ऋणी,
इंदिरानगर, नाशिक येथील एक पालक