दुधाच्या पिशवीचे पन्नास पैसे कुठं अडकले?

संपादक साहेब, नमस्कार.

पुण्यात माझं दुधाचं छोटं दुकान आहे. हल्ली जो तो कंपनीवाला सर्क्युलर इकॉनॉमीवर, म्हणजे वापरलेली वस्तू फेकून न देता परत वापरात आणण्यावर बोलतोय म्हणून लिहितोय. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट मिळाली पण अटी घालून, जाडी 50 मायक्रॉनच्या खाली नको आणि पिशवी परत घ्यायची किंमत, कमीत कमी 50 पैसे, तिच्यावर छापायची. आता सांगा, किती गिऱ्हाइकांना हे माहीत आहे? माझ्याकडे तर कोणी मागायलाच येत नाही, आणि आलं तरी मी पदरचे पैसे देऊन त्या पिशव्या पुढे कोणाला देऊ?

कंपन्या म्हणतात गोळा करणं परवडत नाही. अहो, पहाटे टेम्पो येतो तो भरलेले क्रेट उतरवून कालचे रिकामे मोजून नेतो, एक कमी भरला की बिलात लावतात. लीक निघालेली पिशवी तर दाखवल्याशिवाय बदलून मिळत नाही. म्हणजे स्वतःचा पैसा अडकला की परतीचा टेम्पो बरोबर चालतो! मग त्याच रिकाम्या क्रेटमधून पिशव्या का जात नाहीत?

खरी गोम पैशात आहे. अर्ध्या लिटरच्या किलोभर पिशव्या म्हणजे तीनशेच्या पुढे नग, 50 पैशाने दीडशे रुपये होतात, भंगारवाला त्याच्या जवळपासही देत नाही, आणि पिशवी धुतलेली नसली तर वास मारते म्हणून अजून भाव पाडतो. हा फरक कंपनीनेच सोसायला हवा, आणि मोजदाद करणाऱ्या डीलरला थोडं कमिशन. पण 2022 च्या केंद्राच्या ईपीआर नियमात (म्हणजे आपल्या प्लॅस्टिक पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीनेच घ्यायची) रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेऊन टार्गेट पूर्ण दाखवता येतं, त्यामुळे आमच्या गल्लीतली पिशवी गटारात पडली तरी कागदावर हिशोब जुळतो.

होत नाही असं नाही. तमिळनाडूत निलगिरीत सरकारी दारू दुकानं बाटलीमागे 10 रुपये जास्त घेतात, रिकामी आणली की परत देतात. दारूच्या बाटलीला जमतं, दुधाला का नाही?

(आणि गिऱ्हाइकांनो, पिशवीचा कोपरा कापून वेगळा पाडू नका हो, तो बारका तुकडा ओल्या कचऱ्यात जातो, तिथून कोण वेचणार.)

कंपन्यांनी निदान एका रूटवर तरी सुरू करावं, पैसे रोख नकोत, डीलरच्या दुसऱ्या दिवशीच्या बिलात वळते करा. माझं दुकान पहिलं धरा.

— एक दूध विक्रेता, पुणे