सुनिता, सुरेखा, संगीता ही नावं जुनी झालीच कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मुलींच्या नावांवर पानभर लेख छापलात. एका बाजूला आजच्या इरा, ओवी, आरोही, अन्वी आणि दुसऱ्या बाजूला "आऊटडेटेड" म्हणून आमच्या वयाच्या बायकांची नावं, सुनिता, सुरेखा, संगीता, अनिता, वंदना, मंगल, वैशाली. तो लेख आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण फिरला, बऱ्याच जणींनी हसायच्या इमोजी टाकल्या, मला मात्र वाचून वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहितेय. मी देवगड तालुक्यातली, सत्तरच्या दशकात जन्मलेली, आणि तुमच्या त्या दुसऱ्या लिस्टमधलंच एक नाव माझं आहे.

ही नावं आमच्या गावात आली तेव्हा नवी कोरी होती हे लेखात कुठेच नाही. आमच्या आजीच्या पिढीत बघा, भागीरथी, द्वारका, चंद्रभागा, सीता, पार्वती, म्हणजे नदी, तीर्थ नाहीतर देवी, त्यातून वारलेल्या आजीचंच नाव नातीला ठेवायचं आणि सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून त्या पोरीला जन्मभर बाय नाहीतर बाबी म्हणायचं. कोणी विचारलं, चेडवाचा नाव काय गो, तर सांगायला आई लाजायची. सत्तरच्या आसपास हे बदललं आणि ते मुंबईमुळे बदललं. घरटी एक तरी माणूस गिरणीत, लालबाग परळच्या खोलीत दहा-बारा जण, तिथे रेडिओ, तिथे सिनेमाची पोस्टरं, चाळीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलींची नावं कानावर पडायची आणि तीच गावाला यायची. लता, आशा, उषा या तर घरोघरी रेडिओतून आल्या (लताबाईंचं स्वतःचं पाळण्यातलं नाव हेमा होतं, ते किती जणांना माहितीये). माझ्या आईने ट्रंकेत एक इनलँड लेटर जपून ठेवलं होतं, निळा कागद घडीवर फाटलेला, वर मनीऑर्डरचा हिशोब, मग घर शाकारायला माणूस कोण बघितला ती विचारपूस, आणि अगदी खाली जागा उरली तिथे बारीक अक्षरात "मुलगी झाल्यास नाव संगीता ठेवावे", त्यातलं संगीता दोनदा गिरवलेलं. माझी मोठी बहीण ती. बाबा बारशाला येऊ शकले नाहीत, रजा नव्हती, नाव मात्र त्यांनी पाठवलं.

भटजी पत्रिकेवरून नावरस नाव काढून द्यायचे, सत्तावीस नक्षत्रं आणि प्रत्येकाचे चार चरण मिळून 108 अक्षरं, त्यात सू हे अक्षर येतं शततारकेच्या चौथ्या चरणाला. आता आमच्या वर्गातल्या सगळ्या सुनिता, सुरेखा, सुजाता, सुवर्णा काही त्या एकाच चरणावर जन्मल्या नव्हत्या. आईबापांनी पत्रिका बाजूला ठेवून हौसेने ठेवलेली नावं आहेत ती, आणि मुलीच्या नावाची हौस करणं हे तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. आत्याने पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं, पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या, सगळं साग्रसंगीत. मग शाळेत एका वर्गात तीन तीन सुनिता, गुरुजी वरच्या वाडीची, खालच्या वाडीची, बाजारातली अशी हाक मारायचे आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, उलट नावाची मैत्रीण म्हणजे जवळची मैत्रीण.

आणि मग लग्न. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं, संजयची संजना, विजयची विजया, प्रकाशची प्रतीक्षा. ते नाव बहुतेक वेळा नणंदांनी आधीच ठरवलेलं असायचं, मुलीला विचारायची पद्धतच नव्हती, तिला ते मांडवात बाकीच्या पाहुण्यांबरोबरच कळायचं. काहींना नवीन नाव आवडलं, त्यांनी ते मनापासून घेतलं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा तेव्हा नव्हता आणि आजही नाही, तरी आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींचं गेलं. विशीपर्यंत वापरलं आणि मग बंद. सासरी नवीन नावाने सुद्धा कोण हाक मारणार, वहिनी, काकी, अमक्याची आई, यातच सगळं आयुष्य. म्हणून माझा तुमच्या लेखाला प्रश्न आहे की जी नावं धड वापरूनच झाली नाहीत त्यांना तुम्ही जुनाट कसं म्हणता?

महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत माहेरवाशिणी येतात तेव्हा बघावं. मागे एकदा दर्शनाच्या रांगेत मला पुढे एक बाई पाठमोरी दिसली, डोक्यावरून पदर, हातात नातू, मी नुसतं "सुरेखा, गो सुरेखा" म्हटलं तर गर्रकन वळली, आणि तिची सून बाजूला उभी होती तिला कळेचना की कोणाला हाक मारतायत. सुनेला सासूचं हे नाव माहितीच नव्हतं!

बरं हे नुसतं मनाला लागण्यापुरतं असतं तरी सोडून दिलं असतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क आहे, आपल्या राज्यात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून, पण सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं माहेरचं आणि आधार कार्ड असतं सासरच्या नावाचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर संगीता, जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला तोच 1 मे 1981 ला, आणि आधारवर दुसरंच नाव, दुसरं आडनाव, जिल्हा सिंधुदुर्ग. म्हणजे कागदावर नाव, बाप, आडनाव, जिल्हा काहीच जुळत नाही आणि ती बाई मात्र तीच. माझ्या बहिणीला आमच्या सामाईक कलमांच्या बागेवर नाव लावायला किती हेलपाटे घालावे लागले ते मी बघितलंय, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा, लग्नाची पत्रिका आणा, पोलीस पाटलांचा दाखला आणा, आणि पत्रिका चाळीस वर्षांपूर्वीची, ती वाळवीने खाल्लेली. शेवटी झालं काम. पण ज्यांच्या मागे फिरायला कोणी नाही अशा किती जणींनी कंटाळून हक्कसोड करून दिलं असेल याचा विचार करून मला झोप लागत नाही.

आता थोडं बदलतंय हेही सांगते. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे, चांगला निर्णय आहे. माझ्या भाचीने तर तांदळात तिचं आहे तेच नाव लिहून घेतलं, नवरा पण समजूतदार. पण आमच्या पिढीचं काय?

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमच्या पेपरात रोज निधन वार्ता येतात, आमच्याकडे सकाळी चहाबरोबर आधी तेच पान उघडतात. गेल्या पावसाळ्यात त्यात एका बाईंची बातमी होती, फोटो नव्हता, सासरचं नाव, सासरचा गाव, पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. मी वाचली आणि पान उलटलं. ती माझ्या बाकावरची सुनिता होती, खालच्या वाडीची, चौथी ते दहावी आम्ही एकत्र चालत शाळेत गेलो, व्हाळाला पाणी आलं की एकमेकींचा हात धरून पलीकडे जायचो. मला ते गणपतीत तिच्या भावाकडून कळलं, तोपर्यंत दिवसकार्य कधीच उरकलं होतं. आमच्या वर्गातल्या कोणालाच कळलं नव्हतं, ज्यांनी बातमी वाचली होती त्यांना पण नाही.

म्हणून एकच मागणी आहे. निधन वार्तेत विवाहित बाईचं माहेरचं पूर्ण नाव आणि माहेरचा गाव पण छापत जा. तालुक्याच्या वार्ताहरांना तसं सांगा, फॉर्म असेल तर त्यात तो रकाना टाका, घरच्यांना आठवत नसेल तर भावाला फोन करून विचारायला लावा. आणि दहावी-बारावीच्या रियुनियनच्या बातम्या, महिला मंडळाचे सत्कार, बचत गटाच्या अध्यक्ष, यांत सुद्धा हे करता येईल, ज्या बाईंची इच्छा असेल त्यांच्यापुरतं. एक ओळ जास्तीची लागेल हे मला कळतं, त्या ओळीचे वेगळे पैसे घेतलेत तरी लोक देतील, आमच्या ग्रुपवर मी विचारून बघितलं, सगळ्याजणी हो म्हणाल्या.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग