चौथ्या चौथऱ्यावरच्या आईला आभाराचं पत्र

आदरणीय ॲलिसन लॅपर यांना,
सप्रेम नमस्कार.

आम्ही शिल्पकला आणि साचेकाम शिकवणारी माणसं आहोत. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर १५ सप्टेंबर २००५ रोजी शिल्पकार मार्क क्विन यांनी घडवलेला तुमचा पुतळा लोकांसमोर आला: आठ महिन्यांची गरोदर, विवस्त्र, जन्मापासून हात नसलेली, आखूड पायांची बाई. उंची सुमारे ३.५५ मीटर, दगड इटलीतला कॅरारा संगमरवर. २००७ पर्यंत तो तिथे होता. त्यावर लोक काय काय बोलले, हे आजही वर्गात शिकवावं लागतं आणि ते शिकवताना तुमचेच शब्द हाताशी येतात. म्हणून हे पत्र.

आधी ठशाबद्दल बोलू. शिल्प तुमच्या अंगाचा ठसा घेऊन घडलं, आणि त्या कामात तुमचा वाटा किती होता हे पुतळा पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. जिवंत माणसाच्या अंगाचा ठसा घेताना मॉडेलला ‘नुसतं बसायचं’ असतं, असा गैरसमज आहे. ठशासाठी साधारणपणे अल्जिनेट वापरतात. समुद्री शेवाळापासून काढलेली ही भुकटी दाताच्या डॉक्टरांकडे असते तीच. पाण्यात कालवली की काही मिनिटांत ती रबरासारखी होते. पाणी कोमट असेल तर लवकर आवळते, थंड असेल तर वेळ मिळतो. पण थंड लगदा अंगावर आला की अंग आक्रसतं आणि ठसा तिथेच चुकतो. वरून प्लास्टरच्या पट्ट्यांचं कवच द्यावंच लागतं, नाहीतर अंगावरून काढताक्षणी साचा लोळागोळा होतो. शिवाय अल्जिनेट वाळलं की आकसतं, म्हणून त्यात प्लास्टर त्याच दिवशी ओतावं लागतं.

यात गरोदरपणाची भर पडली की अडचणी वाढतात. श्वासागणिक पोट वरखाली होतं, बाळ आतून ढुशी देतं, आणि कवच घट्ट झालेलं नसेल तर कडेला फट पडते. ओल्या प्लास्टरचं वजन छातीवर आलं की छाती खाली ओढली जाते आणि साच्यात ती तशीच उतरते. शेवटच्या महिन्यांत बाईला पाठीवर झोपवून ठसा घेऊच नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते. बसवून, टप्प्याटप्प्यानं, मध्ये विश्रांती देत घ्यावा. आणि प्लास्टरचा जाड थर थेट कातडीवर कधीच देऊ नये, घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं. विद्यार्थ्यांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण अपघात इथेच होतात.

हे सगळं सोसायला तुम्ही तयार झालात, तेही आधी शंका असताना. अपंगत्व दाखवून खळबळ उडवणाऱ्यांपैकीच हा आणखी एक असेल, असं तुम्हाला क्विन यांच्याबद्दल सुरुवातीला वाटलं होतं. बोलल्यावर, हा माणूस कीव करत नाही आणि उपदेशही करत नाही, हे कळलं आणि मगच तुम्ही होकार दिलात. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. मॉडेलनं प्रश्न विचारायचे असतात आणि शिल्पकारानं उत्तरं द्यायची असतात, हे नव्या मुलांना सांगताना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

आता लोकांच्या बोलण्याकडे येतो. ‘वाद झाला’ एवढं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्या एका वादात निरनिराळे आक्षेप होते आणि ते वेगळे केल्याशिवाय काहीच हाती लागत नाही.

एक आक्षेप दगडाबद्दल होता. ‘ब्रिटिश आर्ट जर्नल’चे संपादक रॉबिन सायमन यांना पुतळा अजिबात आवडला नाही. विषयाला आपला विरोध नाही, पण पृष्ठभाग चकचकीत आणि बुळबुळीत आहे, यंत्रातून काढल्यासारखा आहे, आकार नको तेवढा मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही, कारण त्यामागे कामातलं एक खरं कारण आहे. मूळ शिल्प माणसाच्या मापाचं होतं. चौकासाठी ते वाढवलं. उंची चौपट केली तर वजन चौसष्ट पट होतं, हे साधं गणित. पण कातडीवरचे बारकावे त्या हिशेबात वाढत नाहीत. रोमछिद्रं, सुरकुत्या, कवचाखाली दबलेली जागा हे सगळं वाढवलं तर ओबडधोबड दिसतं, म्हणून कारागीर ते घासून काढतो. मग उरतो तो मोठा, गुळगुळीत उंचवटा. त्यावर पॉलिश चढवलं की उजेड पसरट पडतो आणि मांसाचा भास कमी होतो. त्यामुळे ‘मला हा पुतळा आवडला नाही’ असं म्हणणारा माणूस तुमच्या शरीराचा अपमान करतोच असं नाही. तुमच्या बाजूनं बोलणाऱ्या कित्येकांनी हा फरक केला नाही, याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र दगडाच्याच बाजूनं सांगायला हवी. संगमरवर दाब सहन करतो, ताण सोसत नाही. पुढे काढलेला हात, सुटी बोटं, बारीक मनगट हीच त्याची कच्ची ठिकाणं. म्हणून जुन्या पुतळ्यांत पायाशी झाडाचा बुंधा किंवा खांब कोरून आधार दिलेला दिसतो, आणि जमिनीतून सापडलेल्या पुतळ्यांचे हात बहुधा गेलेले असतात. तुमची आकृती बसलेली, भरीव, एकसंध. दगडाला हवी तशी. कॉलेजात असताना तुम्ही स्वतः मिलोच्या व्हीनसशी नातं जोडलं होतं. १८२० मध्ये सापडलेल्या त्या हात नसलेल्या मूर्तीपुढे लूव्र संग्रहालयात जग रांग लावतं. तसंच शरीर जिवंत बाईचं असलं की नजर का वळते, हा प्रश्न क्विन यांच्याही मनात संग्रहालयातल्या भंगलेल्या मूर्ती पाहूनच आला होता.

दुसरा आक्षेप जागेचा. हा चौक लढवय्यांचा, इथे हिचं काय काम? वायव्य कोपऱ्यातला तो चौथरा १८४१ साली चौथ्या विल्यमच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला होता. पैसे पुरले नाहीत आणि तो दीडशेहून अधिक वर्षं रिकामा राहिला. उरलेल्या तीन चौथऱ्यांवर चौथा जॉर्ज, सिंध जिंकणारा नेपियर आणि हॅवलॉक. मराठी वाचकाला हॅवलॉकची ओळख करून द्यायला नको: जुलै १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून कानपूर परत घेणारा तो हाच. ‘इथे शूरांचेच पुतळे हवेत’ हे वाक्य आमच्या कानांना तेवढं निर्विवाद वाटत नाही, ते यामुळे. आणि मधल्या खांबावरचा नौसेनापती नेल्सन? त्याचा उजवा हात १७९७ मध्ये टेनेरिफच्या लढाईत गेला, उजव्या डोळ्याची दृष्टी त्याआधीच गेली होती. म्हणजे अपंग माणूस त्या चौकात १८४३ पासून सगळ्यांच्या वर उभा आहे. युद्धात गेलेला हात लोकांना चालतो. जन्मतःच नसलेला चालत नाही. तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी, या चौकातल्या अनेक पुरुषांपेक्षा मोठ्या अडचणींवर तुम्ही मात केली आहे, असं म्हटलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, पण तुम्हाला पुन्हा लढाईच्याच मापानं मोजल्यासारखं झालं.

याच धाग्यावर तिसरं बोलणं येतं आणि ते अपंग चळवळीतल्या लोकांचं. काहींना अभिमान वाटला. काहींनी विचारलं, अपंग नसलेल्या कलाकाराला हा मान का, लॅपर स्वतः चित्रकार आणि छायाचित्रकार आहेत, त्यांचं काम चौथऱ्यावर का नाही? ‘किती धाडसी बाई’ हे कौतुकसुद्धा त्यांना खुपलं, कारण गरोदर राहणं आणि मॉडेल म्हणून बसणं यात धाडस कसलं? आम्हाला हा प्रश्न सगळ्यांत वजनदार वाटतो.

आणि शेवटी शिल्पाच्या आडून बोललं गेलेलं: अशा बाईनं, तेही एकटीनं, मूल होऊ द्यावं का? इथे तुम्ही गप्प बसला नाहीत. हा पुतळा स्त्रीत्वाचा, अपंगत्वाचा आणि मातृत्वाचा गौरव आहे, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. पोट दिसणारी, विवस्त्र, हात नसलेली बाई भर चौकात आल्यावर ज्यांना अस्वस्थ वाटलं त्यांनी ती अस्वस्थता आपली आहे हे ओळखावं, दगडाची नव्हे, हे तुमच्यामुळे सांगता येऊ लागलं.

एक दुरुस्ती तुमच्या वतीनं आम्ही नेहमी करतो. तुमच्या शरीराचं कारण थॅलिडोमाइड, म्हणजे गरोदर बायकांनी घेतल्यामुळे हजारो बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्मली ते औषध, असं अनेक जण धरून चालतात. ते औषध ब्रिटनमध्ये १९६१ च्या अखेरीस बाजारातून काढलं गेलं. तुमचा जन्म १९६५ चा. फोकोमेलिया, म्हणजे हातपाय जन्मतः अपुरे वाढलेले असणं, त्या औषधाशिवायही होतो. हे चुकलं की तुमची गोष्ट औषध कंपनीच्या गुन्ह्याची होऊन बसते आणि बघणारा पुन्हा कीव करायला मोकळा होतो.

२०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटनात त्याच शिल्पाची हवा भरलेली प्रचंड प्रतिकृती आली, पुढच्या वर्षी ती व्हेनिसलाही गेली. तोवर चर्चेचा सूर पुष्कळ बदलला होता.

वर्गात आता क्रम असा ठेवतो: पहिल्या तासाला तुमची स्वतःची कामं, विशेषतः उजेड आणि सावलीत स्वतःच्या शरीराकडे पाहणारी छायाचित्रं. दुसऱ्या तासाला ठसा आणि साचा. क्विन यांचा पुतळा तिसऱ्या तासाला. तोपर्यंत मुलांना तुम्ही कलाकार म्हणून ठाऊक झालेल्या असता आणि ‘बिचारी’ हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी येत नाही. हा क्रम तुमच्या बोलण्यातूनच सुचला. त्याबद्दल मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपले,
शिल्पकला आणि साचेकाम शिकवणारे काही जण