काका, ती क्लच गेलेली सकाळ आणि तुमचे आभार

काका, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण चांदीच्या रंगाची जुनी पोर्शे ९४४ घेऊन कॅलिफोर्नियातल्या सराटोगाला ड्राइव्हसाठी सगळ्यांच्या आधी येऊन थर्मासमधला चहा पीत बसणारे मराठी काका किती असणार, ओळखणारे ओळखतीलच.

त्या रविवारी हायवे ९ चढताना मी जाम खूश होतो. पुढे तुम्ही, मध्ये एक टोयोटा एमआर-टू, मागे मी माझ्या १९९२ च्या मियाटात, माझदाच्या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये. १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर, म्हणजे आकड्यात काहीच नाही, पण छप्पर उघडं, रेडवुडचा वास आणि सेकंड-थर्ड, थर्ड-सेकंड करत वळणं घेताना साताऱ्याचा यवतेश्वर घाट आठवत होता, बाबा शेजारी बसून म्हणायचे ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर.

वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला लागलो आणि एका वळणाआधी क्लच दाबला तर पेडल खाली गेलं ते गेलंच, वर येईना. कशीबशी गाडी कडेला घेतली. मोबाइलला रेंज नाही, धुकं, आणि बाजूने सायकलवाले दात काढत जातायत (बहुतेक मला तसं वाटलं असेल). तुम्ही मागे वळून आलात, पेडल बुटाने वर ओढलं, खाली वाकून गिअरबॉक्सच्या बाजूला बघितलं आणि म्हणालात, "स्लेव्ह सिलिंडर. या गाड्यांचं हेच जातं, घाबरू नको." (म्हणजे फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग.)

टो ट्रक बोलवाल असं वाटलं होतं. तुम्ही डिकीतून ब्रेक फ्लुइडची बाटली काढून ओतलीत, पाच-सहा वेळा पेडल मारून बघितलं, गळतच होतं. मग ९४४ ची चावी, जी तुम्ही पोटच्या पोरालाही देत नाही, ती एमआर-टूमधल्या पोराच्या हातात ठेवलीत आणि येऊन माझ्या शेजारी बसलात. "चालव, क्लचशिवाय."

फर्स्टमध्ये टाकून किल्ली फिरवली, स्टार्टरवरच गाडी पुढे सरकली, हिसका बसला, चालू झाली. वरचा गिअर टाकताना गॅस सोड, न्यूट्रल, आवाज उतरू दे, मग नुसतं बोटाने ढकल. खाली आणताना न्यूट्रलमध्ये थोडी रेस दे. पहिल्या तीन वेळा असा कर्रर्र आवाज आला की मी डोळेच मिटले, तुम्ही शांतपणे म्हणालात, "डोळे उघडे ठेव, बाकी ठीक आहे." चौथ्यांदा गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला. हायवे ८४ च्या चौकात स्टॉप साइनला इंजिन बंद, परत किल्ली, परत हिसका, अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटच्या बाहेरचे सगळे बाइकवाले टाळ्या वाजवतायत. तिथून वुडसाइडची उतरण, एकदाही चुकलो नाही. तुम्ही मात्र सॅन ग्रेगोरिओच्या समुद्राला मुकलात, त्यासाठीच आला होतात खरं तर.

पुढच्या शनिवारी तुमच्या गराजमध्ये गाडी स्टँडवर चढवून नवीन सिलिंडर बसवला, दोन बोल्ट आणि एक पाइप एवढंच काम, पण ब्लीड करताना, म्हणजे पाइपमधली हवा काढताना, तासभर पेडल तुम्ही मारत बसलात. गुडघा दुखतोय हे काकूंकडून कळलं, नंतर.

येत्या रविवारी येतोय. फ्लुइडची नवीन बाटली आणतो, आणि काकूंना सांगा, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबाही आणतोय, रिकामा नाही.